दोरीतले बंदर : बेळगावच्या गच्चीवर ‘कमाल’ बनवून ध्रुव मोजण्याची रीत

नकाशात बेळगाववर बोट ठेवून ते सरळ पश्चिमेला सरकवत नेले, तर चंदगड तालुक्यातील डोंगर आणि सावंतवाडीचा मुलूख ओलांडून ते थेट वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरते. बेळगावचा अक्षांश १५.८५ अंश उत्तर आहे आणि वेंगुर्ल्याचा १५.८६, म्हणजे सुमारे ९० किलोमीटरच्या या सरळ रेषेत उत्तर-दक्षिण फरक पडतो तो जेमतेम एका किलोमीटरचा. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचे बंदर वेंगुर्लेच होते. घाटमाथ्यावरचा कापूस रामघाटाने आणि पुढे आंबोलीच्या घाटाने खाली उतरत असे, आणि कोकणचे मीठ व खोबरे त्याच वाटेने वर येत असे. १८८० च्या दशकात रुळांची वाट मुरगावपर्यंत पोचली आणि वेंगुर्ल्याचा राबता ओसरला.

येथे मात्र आपल्याला व्यापाराशी कर्तव्य नाही. दोन्ही गावांचा अक्षांश एक आहे, तेव्हा दोन्हीकडून ध्रुवतारा क्षितिजापासून सारख्याच उंचीवर दिसतो. म्हणून बेळगावच्या एखाद्या गच्चीवर ध्रुवाची उंची मोजून एका दोरीला गाठ मारली आणि ती दोरी अरबी समुद्रातल्या गलबतावर नेली, तर त्या एका गाठीच्या आधाराने तांडेलाला वेंगुर्ल्याचा किनारा सापडू शकतो. शिडाच्या जहाजांच्या काळात हिंदी महासागर ओलांडणारे नावाडी शतकानुशतके हेच करीत आले. त्यांचे ते साधन, म्हणजे कमाल, घरी कशी बनवावी, तिने ध्रुव कसा मोजावा आणि मोजण्यात कुठे चुका होतात, ते मी येथे सांगणार आहे. आठवीच्या पुढची मुले हे काम दोन संध्याकाळींत करू शकतात आणि खर्च एका वडापावाच्या आत भागतो.

कमाल म्हटले की आपल्याला ‘कमाल आणि किमान तापमान’ आठवते, पण अरबी खलाशांची कमाल म्हणजे लाकडाची छोटीशी चौकोनी फळी आणि तिच्या मध्यातून ओवलेली, गाठी मारलेली दोरी, एवढेच. फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ताऱ्याला टेकली की दोरी किती लांब धरावी लागली ते पाहायचे. तारा जितका उंच, तितकी फळी डोळ्याजवळ आणावी लागते आणि दोरी तितकी आखूड होते. या उंचीचे त्यांचे माप ‘इस्बा’, म्हणजे बोट, हे होते. त्यांच्या हिशेबात पूर्ण वर्तुळाचे २२४ इस्बा होत, म्हणजे एक इस्बा साधारण १ अंश ३६ कलांचा. आपल्याकडचे अंगुळ हे माप आठवले तर ही कल्पना परकी वाटत नाही. फळी येण्यापूर्वी हात लांब करून आडवी बोटे मोजूनच तारा मापला जात असे, आणि आजही तशा मापाने बेळगावचा ध्रुव सुमारे दहा बोटांवर भरतो.

बांधणी

तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा तुकडा घ्यावा. सुताराच्या दुकानात तो फुकटही मिळतो. त्याची उंची नेमकी १० सेंटिमीटर असावी. रुंदी सहा-सात सेंटिमीटर चालते, तिचा मोजमापाशी संबंध नाही. वरची व खालची कड सरळ आणि एकमेकींना समांतर हवी, म्हणून पॉलिश कागदाने घासून पट्टी लावून तपासावी. पुठ्ठा वापरू नये. माझी पहिली कमाल लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची आणि साध्या सुती दोऱ्याची होती. पौषातल्या दहिवराने पुठ्ठा कमानीसारखा वाकला, दोरा ओला होऊन ताणला गेला, आणि तीन रात्री मेहनतीने बांधलेली गाठ चौथ्या रात्री दीड सेंटिमीटर पुढे सरकलेली सापडली.

दोरीसाठी भिंत रचताना गवंडी ताणतात तो नायलॉनचा दोरा उत्तम, कारण तो ताणला जात नाही आणि पाणीही धरीत नाही. फळीच्या कर्णांच्या छेदबिंदूवर बारीक भोक पाडून दोरा ओवावा आणि पलीकडच्या बाजूला जाड गाठ मारून अडकवावा. डोळ्याच्या बाजूला निदान ७० सेंटिमीटर दोरा मोकळा ठेवावा. साधन येथे तयार झाले. पुढचे सगळे वापरणाऱ्याच्या हातात आहे.

दात, डोळा आणि क्षितिज

खलाशी दोरी दातांत धरीत, कारण गलबत हलत असताना एक हात फळीला आणि दुसरा डोलकाठीला किंवा कठड्याला लागतो. आपणही तसे करावे, पण दातांमुळे एक बारीकसा घोळ होतो तो समजून घ्यावा. दोरी दातांपासून मोजली जाते आणि कोन मात्र डोळ्यापाशी तयार होतो. दात आणि डोळा काही एका जागी नसतात. त्यामुळे गणिताने काढलेली लांबी आणि प्रत्यक्ष पाहून बांधलेली गाठ यांत थोडा फरक पडतो. खलाशाला त्याची फिकीर नव्हती, कारण तो गणित करून गाठ बांधीतच नसे. ज्या बंदरात उभा असेल तेथे ध्रुव पाहून गाठ मारी, आणि पुढे तीच गाठ त्याच दातांत धरी. चूक दोन्ही वेळा सारखीच, म्हणून ती आपोआप कटते. ज्यांना गणिताशी ताळा पाहायचा असेल त्यांनी गाठ दातांऐवजी डोळ्याखालच्या गालाच्या हाडाशी टेकवावी.

फळी दोरीशी काटकोनात राहिली पाहिजे. हे वाचायला सोपे आहे, पण दहा मुलांपैकी सात जण फळी भिंतीसारखी उभी धरतात आणि दोरी मात्र तिरकी वर जाते. फळीचा वरचा भाग किंचित आपल्याकडे कलता ठेवला, म्हणजे फळी डोळ्याकडे तोंड करून राहिली, की काटकोन साधतो. शेजारच्याने बाजूने पाहून सांगावे, हा सर्वांत खात्रीचा उपाय.

बेळगावकराची खरी अडचण क्षितिजाची आहे. समुद्रावर पाणी आणि आकाश यांची रेषा आयती मिळते. आपल्याकडे उत्तरेला कुठे टेकडी, कुठे अपार्टमेंट, आणि त्यांवर शहराच्या दिव्यांचा पिवळट उजेड असतो. हिडकल धरणाच्या जलाशयाच्या किंवा राकसकोप तलावाच्या अशा काठावर जाता आले, की जेथून उत्तरेला लांबवर पाणी पसरलेले आहे, तर पलीकडच्या काठाची पाण्याची कड क्षितिज म्हणून चालते. पण रात्री धरणाच्या काठावर मुलांना नेण्यापेक्षा मला गवंड्याची युक्ती अधिक पसंत आहे. पायाची पातळी काढण्यासाठी गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती दहा-बारा मीटर लांबीची घ्यावी. गच्चीच्या दक्षिण टोकाला खुर्चीत बसावे, नळीचे एक तोंड डोळ्याशेजारी धरावे आणि दुसरे तोंड मदतनिसाने उत्तरेकडच्या कठड्याशी किंवा तेथे उभ्या केलेल्या बांबूशी धरावे. नळीत हवेचा बुडबुडा नसेल आणि आपल्या बाजूचे पाणी डोळ्याच्या रेषेत स्थिर झाले असेल, तर पलीकडे पाणी ज्या उंचीवर थांबते तेथे पांढरी फीत बांधावी. ती फीत हे आपले क्षितिज. यानंतर खुर्ची हलवू नये आणि पाठ वाकवू नये, कारण दहा मीटर अंतरावर डोळा दहा सेंटिमीटर वर-खाली झाला तर मापात अर्ध्या अंशाहून अधिक फरक पडतो. समुद्रावर तेवढ्या फरकात वेंगुर्ल्याला निघालेले गलबत पणजीच्याही पलीकडे भरकटते.

ध्रुव ओळखणे

एप्रिलमध्ये संध्याकाळी ईशान्येला सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यांतील पुलह आणि क्रतु हे पुढचे दोन तारे जोडून ती रेषा क्रतूच्या बाजूने पाचपट वाढवली की ध्रुव लागतो. ऑक्टोबर ते जानेवारी सप्तर्षी संध्याकाळी दिसत नाहीत, तेव्हा इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारख्या आकाराच्या शर्मिष्ठा या तारकासमूहावरून ध्रुव शोधावा. ध्रुव फार तेजस्वी असेल अशी पुष्कळांची समजूत असते. तो तसा नाही. सप्तर्षींतील ठळक ताऱ्यांइतकाच त्याचा उजेड आहे आणि बेळगावहून तो इतका खाली दिसतो की थोडे धुके किंवा ऊसाच्या पाचटाचा धूर असला तरी हरवतो.

खुणेच्या ताऱ्यांवरून ताळा घेतल्याशिवाय मोजायला बसू नये, हे मी अनुभवाने सांगतो. सुट्टीतल्या एका शिबिरात मुलांनी उत्तरेचा एक पिवळसर ठिपका निवडला, तासाभराने पुन्हा पाहिला, तो तसूभरही हलला नव्हता, आणि ‘सर, अढळ आहे बघा’ म्हणून सगळी खूष झाली. दोरीच्या हिशेबाने बेळगाव त्या रात्री भावनगरच्या अक्षांशावर गेले. सकाळी पाहिले तर त्या दिशेला मोबाईलचा टॉवर होता.

गाठ बांधणे

एप्रिलच्या मध्यातली, साडेसात ते आठच्या दरम्यानची वेळ निवडावी. तेव्हा तारे दिसू लागलेले असतात आणि फळीच्या कडाही आकाशाच्या उरल्यासुरल्या उजेडात ओळखू येतात. गडद रात्री फळीची कडच दिसत नाही, आणि समुद्रावरही क्षितिज दिसेनासे होते, म्हणून चांदणे नसेल तेव्हा खलाशीही संधिप्रकाशातच माप घेत. ही वेळ निवडण्याचे आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

दोरी दातांत सैल धरून फळी हाताने पुढे न्यावी. खालची कड फितीला टेकवावी, वरची कड ध्रुवाच्या खाली राहिली तर फळी जवळ घ्यावी, ध्रुवाला झाकून वर गेली तर लांब न्यावी. दोन्ही कडा एकाच वेळी जुळल्या की दोरी दातांशी जेथे आहे तेथे चिमटीत पकडावी आणि मदतनिसाने फळीपासून तेथपर्यंतची लांबी मोजून लिहावी. एका मापावर गाठ मारू नये. प्रत्येकाने दहा मापे घ्यावीत, सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान सोडून द्यावे आणि उरलेल्या आठांची सरासरी धरावी. पहिल्या दिवशी मापे ३२ पासून ४० सेंटिमीटरपर्यंत विखुरलेली येतील. त्याने निराश होऊ नये. दुसऱ्या संध्याकाळी हात बसतो आणि विखुरणे निम्म्यावर येते.

आता गणित. दहावीच्या त्रिकोणमितीतला टॅन येथे कामी येतो. फळीची निम्मी उंची, म्हणजे ५ सेंटिमीटर, हिला ध्रुवाच्या उंचीच्या निम्म्या कोनाच्या टॅनने भागले की दोरीची लांबी मिळते. ध्रुवाची उंची जवळपास त्या गावाच्या अक्षांशाइतकीच असते, म्हणून बेळगावसाठी निम्मा कोन ७.९३ अंश, त्याचा टॅन ०.१३९३, आणि भागाकार ३५.९ सेंटिमीटर. गालाच्या हाडाशी गाठ टेकवून घेतलेल्या मापांची सरासरी ३५ आणि ३७ यांच्या दरम्यान आली असेल तर काम उत्तम झाले असे समजावे. गाठ मारून तिच्यात लाल दोऱ्याचा तुकडा अडकवावा. ही बेळगावची गाठ, आणि हीच वेंगुर्ल्याची.

दोरीवर मांडलेला किनारा

एक गाठ बसली की उरलेला पश्चिम किनारा गणिताने त्याच दोरीवर मांडता येतो. १० सेंटिमीटरच्या फळीसाठी मुंबईची गाठ ३० सेंटिमीटरवर पडते, रत्नागिरीची ३३.५ वर, मालवणची ३५.४ वर, पणजीची ३६.७ वर, कारवारची ३८.५ वर, मंगळूरची ४४.३ वर आणि कोझिकोडची, म्हणजे जुन्या कालिकतची, ५०.८ वर. दक्षिणेला जावे तसतशी गाठींमधली जागा रुंदावत जाते, हे मुलांना आधी सांगू नये. दोरी टेबलावर पसरली की त्यांच्या लक्षात येते आणि कारण शोधायला ती आपणहून टॅनच्या कोष्टकाकडे वळतात.

सीमाभागातल्या प्रत्येक गावाला असे आपले एक बंदर आहे. निपाणी आणि चिकोडीची गाठ ३४.७ च्या आसपास येते, आणि त्यांच्या नेमके पश्चिमेला देवगड आहे. खानापूरची गाठ ३६.४ वर, आणि सरळ पश्चिमेला गोव्याचा हरमल-शापोरा हा किनारा. माझ्या वर्गात यावरून दरवर्षी भांडण होते, कारण खानापूरच्या मुलांना वाटते की वेंगुर्ले आपले. गाठ मात्र अर्धा सेंटिमीटर पलीकडे पडते. तेवढा फरक हाती धरलेल्या कमालीने ओळखता येतोच असे नाही, म्हणून मी ते भांडण मिटवीत नाही.

याच दोरीवर एक ऐतिहासिक सफरही मोजून पाहावी. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून जहाजे घेऊन दक्षिणेला बसरूरवर गेले. बसरूरचा अक्षांश १३.६३, त्याची गाठ ४१.८ वर. म्हणजे मालवण ते बसरूर ही सारी मोहीम दोरीवर ६.४ सेंटिमीटरची, आणि समुद्रावर सुमारे अडीच अंशांची. मात्र हे सांगताना मुलांची गफलत होऊ देऊ नये. ही मोहीम किनारा धरून झाली होती, आणि किनाऱ्याने जाणाऱ्या तांडेलाला ताऱ्यापेक्षा ओळखीचा डोंगर, नदीचे मुख आणि खडक हेच अधिक उपयोगी. कमालीची खरी गरज पडते ती किनारा सुटल्यावर.

ध्रुवाची खोड

ध्रुव अढळ आहे असे आपण म्हणतो, पण तो अगदी अढळ नाही. आकाशाच्या खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून तो आज सुमारे ०.६ अंश बाजूला आहे आणि त्या बिंदूभोवती दिवसातून एक छोटी फेरी घालतो. शर्मिष्ठा ध्रुवाच्या वर असते तेव्हा तो खऱ्या बिंदूच्या वर चढलेला असतो. सप्तर्षी वर असतात तेव्हा खाली उतरलेला. दोन्ही बाजूंना असतील तेव्हा त्याची उंची अक्षांशाइतकी येते. एप्रिलच्या मध्यात रात्री आठच्या सुमारास तो असा बाजूला असतो, म्हणून मी ती वेळ सुचवली. जानेवारीच्या मध्यात त्याच वेळेला तो सर्वांत वर असतो आणि तेव्हा बेळगावची गाठ ३५.९ ऐवजी ३४.५ वर येते. ज्यांना हौस असेल त्यांनी संक्रांतीच्या आसपास एक निळी गाठ बांधावी आणि चैत्रात लाल. दोन गाठींमधले सव्वा-दीड सेंटिमीटर म्हणजे ध्रुवाच्या फेरीची प्रत्यक्ष निशाणी. मला स्वतःला या सगळ्या खटाटोपातला हाच भाग सर्वांत आवडतो, कारण पुस्तकात वाचलेली ०.६ अंशाची गोष्ट येथे दोरीवर बोटाने चाचपता येते.

पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो, त्यामुळे हे अंतर काळाप्रमाणे बदलते. १५०० च्या सुमारास ध्रुव खऱ्या बिंदूपासून साडेतीन अंशांच्या जवळपास दूर होता. एवढ्या चुकीकडे दुर्लक्ष केले असते तर जहाज साडेतीनशे किलोमीटरहून अधिक चुकले असते. म्हणून त्या काळचे जाणते नावाडी ध्रुव कोणत्याही वेळी मोजीत नसत. दुसरे काही ठरलेले तारे ठरलेल्या जागी आले, की ध्रुव त्याच्या फेरीच्या तळाशी आहे हे ओळखून तेव्हाच माप घेत. इराणच्या आखाताच्या किनाऱ्यावरील जुल्फार येथे जन्मलेल्या इब्न माजिद या नावाड्याने १५ व्या शतकाच्या अखेरीस हे शास्त्र अरबीत सविस्तर लिहून ठेवले. आपली चैत्रातली आठची वेळ हा त्याच युक्तीचा धाकटा भाऊ.

नकाशावर एक सफर

दोरी तयार झाली की भिंतीवर अरबी समुद्राचा नकाशा लावावा आणि १५.८६ अंशावर एक दोरा आडवा ताणावा. वेंगुर्ल्याहून पश्चिमेला निघालेला हा दोरा सुमारे २,३०० किलोमीटर समुद्र ओलांडून येमेनच्या पूर्व भागात, रास फर्तक या भूशिराच्या जरा उत्तरेला जमिनीला लागतो. आता मुलांना विचारावे की समजा आपण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालो आहोत, आणि आपल्याजवळ फक्त लाल गाठीची दोरी आहे, तर वेंगुर्ल्याला कसे जाल? बहुतेक जण सरळ तिरकी रेघ मारतात. ती रेघ धरून जायला पूर्व-पश्चिम स्थिती, म्हणजे रेखांश, कळायला हवा. आणि तो कमालीने कळत नाही. समुद्रावर रेखांश काढायला नेमके चालणारे घड्याळ लागते, आणि तसे भरवशाचे सागरी घड्याळ जॉन हॅरिसनने केले ते १८ व्या शतकात. त्यापूर्वीची रीत अशी : प्रथम उत्तरेकडे जात राहावे, रोज संध्याकाळी ध्रुव पाहावा, लाल गाठ जुळली की सुकाणू पूर्वेला वळवावे, आणि ध्रुव त्याच उंचीवर ठेवीत किनारा दिसेपर्यंत जावे. ध्रुवाची उंची वाढली तर जहाज उत्तरेला सरकले, कमी झाली तर दक्षिणेला. किनारा किती दूर आहे हे दोरी सांगत नाही. ते पाण्याचा रंग, पक्षी, पाण्यातले साप आणि शिशाचे वजन सोडून मोजलेली खोली यांवरून ताडावे लागे.

काळाचा हिशेबही इस्बातच होई. अरबी नावाडी तीन तासांच्या अवधीला ‘झाम’ म्हणत. तो आपल्या प्रहराइतकाच. आठ झाम म्हणजे एक दिवस-रात्र, आणि सरळ उत्तरेला जाताना ध्रुव एक इस्बा वर यायला आठ झाम लागतात असे धरीत. एक इस्बा म्हणजे सुमारे ९६ सागरी मैल, तेव्हा हा वेग ताशी चार सागरी मैलांचा झाला. मुलांना कालिकत ते वेंगुर्ले हे अंतर या मापाने काढायला लावावे : ४.६ अंश, म्हणजे तीन इस्बांना थोडे कमी, म्हणजे साधारण तीन दिवस. वारा अनुकूल असेल तर.

आणि वारा हीच मोठी अट. ‘मोसम’ हा शब्द आपण आंब्याला लावतो, पण तो मूळचा अरबी, आणि नावाड्यांच्या तोंडी त्याचा अर्थ प्रवासाचा ऋतू. वाऱ्याचा मोसम साधला आणि चुकला तर काय होते, ते वास्को द गामाच्या सफरीच्या तारखा लिहून दाखवावे. तो आफ्रिकेतील मलिंदीहून २४ एप्रिल १४९८ रोजी निघाला. मलिंदी विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तेथून ध्रुव दिसतच नाही; निघाल्यानंतरच्या रविवारी तो बऱ्याच काळाने पुन्हा दिसला, अशी नोंद त्या सफरीच्या रोजनिशीत आहे. पाठीशी नैर्ऋत्येचा वारा आणि बरोबर मलिंदीत मिळालेला वाटाड्या, त्यामुळे २३-२४ दिवसांत किनारा दिसला आणि २० मे रोजी जहाजे कालिकतजवळ नांगरली. परत जाताना त्याने मोसमाची वाट पाहिली नाही. ऑगस्टच्या अखेरीस कालिकत सोडून तो किनाऱ्याने वर आला, आपल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजांची डागडुजी केली, ५ ऑक्टोबरला तेथून निघाला आणि पडलेल्या व उलट्या वाऱ्यांत सापडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला तो २ जानेवारी १४९९ ला. तोच समुद्र, जाताना साडेतीन आठवडे आणि येताना जवळजवळ तीन महिने. त्या तीन महिन्यांत स्कर्व्ही या रोगाने त्याची तीसएक माणसे गेली. मलिंदीच्या त्या वाटाड्याला पोर्तुगीजांनी पितळेचे ॲस्ट्रोलेब, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजण्याचे यंत्र, दाखवले तेव्हा तो मुळीच चकित झाला नाही आणि त्याने आपले फळ्यांचे साधन पुढे केले, असे बारोस या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहिले आहे. त्यांच्या लिखाणात त्याला ‘मालेमो’ म्हटले आहे. हा शब्द म्हणजे अरबी मुअल्लिम, आणि कच्छच्या नावाड्यांतला ‘मालम’ तोच.

गाठ वेंगुर्ल्याला लावून पाहणे

शेवटचे काम एसटीने करावे. एप्रिलची सुट्टी लागली की आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला जावे आणि संध्याकाळी बंदराच्या धक्क्यावर दोरी घेऊन उभे राहावे. एक सूचना : पश्चिमेला मोकळा समुद्र असला तरी ध्रुव उत्तरेला आहे आणि तेथून नेमक्या उत्तरेला किनाऱ्याची जमीन येते. म्हणून फळीची खालची कड झाडांच्या किंवा डोंगराच्या रेषेला टेकवू नये; पाणी जेथे जमिनीला लागते त्या रेषेला टेकवावी. धक्क्यावर दिवे असतात, त्यांच्याकडे पाठ करता येत नसेल तर थोडे पुढे वाळूवर जावे. जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ कोळी वस्तीत विचारून घ्यावी, आणि तांडेलांपैकी कोणी वयस्कर भेटले तर दोरी त्यांच्या हाती द्यावी. ‘काका, ही दातात धरून बघा’ एवढे म्हटले तरी पुरते.

साडेसात वाजले की लाल गाठ दातांत धरून फळी पुढे करावी. आम्ही गेलो तेव्हा बारा मुलांपैकी नऊ जणांच्या दोऱ्या जुळल्या. दोघांचा ध्रुव फळीच्या वर राहिला. उरलेली मुलगी खानापूरची होती. ती आपली गाठ आपल्या गावी बांधून आली होती, आणि तिचा तारा वरच्या कडेच्या अगदी किंचित वर दिसत होता.